साहेबाच्या मेहुण्याची बिअर

आयुष्यात पहिल्यांदा बिअर प्यायलो ती सरकारी कामाचा भाग म्हणून. हे सांगितलं की लोक हसतात, "हो का?" म्हणतात आणि दुसरा विषय काढतात. पूर्ण हकिगत कुणी ऐकूनच घेत नाही. म्हणून लिहून काढतोय. निदान लिहिताना समोरचा माणूस उठून तरी जात नाही.

मध्यभारत तेव्हा नवा नवा होता. आमचं इंदूर संस्थान आणि तिकडचं ग्वाल्हेर संस्थान मिळून एक राज्य झालं होतं, पण राजधान्या मात्र दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. फायलींची कपाटं गाडीत चढत, उतरत. त्यांच्या मागोमाग माणसंही. मी वीज खात्यात हंगामी कारकून होतो. हंगामी कारकुनाला कपाटापेक्षाही कमी किंमत. कपाट पाठवताना निदान त्याला कुलूप लावून चिठ्ठी डकवतात.

ग्वाल्हेरला जायला माझी स्वतःची काही हरकत नव्हती. तिथली तिळगुळाची गजक मला आवडते. हरकत होती माझ्या भावी सासऱ्यांची. त्यांना मी काकाजी म्हणत असे. काकाजी संस्थानच्या सरबराई खात्यातून निवृत्त झालेले. दरबारात गोरे पाहुणे यायचे, त्यांची राहण्याची, शिकारीची, खाण्यापिण्याची उस्तवार करणारं ते खातं. संस्थान गेलं, खातं गेलं, पण काकाजींचा साफा आणि अंगरखा अजून इस्त्रीचा होता, आणि ग्वाल्हेरकरांशी असलेलं इंदूरकरांचं जुनं वैर त्यांच्या लेखी अजून मिटलेलं नव्हतं. लग्नाच्या बैठकीत त्यांनी माझ्या वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं.

"मुलगा पसंत आहे. हुंडा, मानपान, कशालाच आमची ना नाही. पण एक गोष्ट. आम्ही मुलगी ग्वाल्हेरला देणार नाही. दिल्लीला देऊ. विलायतेला देऊ. ग्वाल्हेरला नाही."

"छे छे! ग्वाल्हेर कुठलं आलंय," वडील म्हणाले. जणू बदल्यांचा हुकूम तेच काढत होते.

मुलीला मी त्याआधी एकदा पाहिलं होतं. म्हणजे ती पोहे घेऊन आली आणि मी पोहे पाहिले. वर पाहायचा धीर झाला तेव्हा ती आत गेलेली होती. दुसऱ्या वेळी मात्र नीट पाहिलं, आणि तेव्हापासून रात्री झोप लागेना. आता एवढं जमलेलं सगळं एका बदलीच्या हुकमावर लटकलेलं.

बदल्यांची यादी निघायच्या बेतात होती. आमचे हेडक्लार्क म्हणाले, "तुझं सगळं साहेबावर आहे. त्याने तुला मागून घेतलं तर तू यादीतून सुटलास. नाही मागितलं, तर बोऱ्याबिस्तर बांध."

साहेब म्हणजे कॅनडाचा इंजिनिअर. पॉवर हाऊसमध्ये नवं यंत्र बसवायला आला होता. मला इंग्रजी येतं असा खात्याचा समज होता, आणि तो मी कधी मोडला नाही, म्हणून मला दुभाष्या म्हणून त्याच्या हाताखाली दिलं होतं. मिस्त्री मालवीत बोलत, साहेब नाकातून इंग्रजी बोले, आणि दोघांचंही निम्मं निम्मं समजलेला मी मधे उभा. यंत्र शेवटी नीट बसलं याचं श्रेय मी मिस्त्र्यांना देतो. त्यांनी माझं फारसं ऐकलं नाही.

आणि नेमकी त्याच वेळी साहेबाला कावीळ झाली.

मी रोज त्याच्या बंगल्यावर जात असे. उसाचा रस नेई. आईने दिलेली काविळीची माळही एकदा नेली. साहेबाने ती गळ्यात घातली, आरशात पाहिलं, आणि "थँक यू" म्हणाला. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने त्याला तेल, तूप आणि दारू बंद केली होती. तेलातुपाचं त्याला काही वाटलं नाही. तिसऱ्या गोष्टीचं दुःख फार होतं, आणि कारण त्याच्या पलंगाखाली होतं.

"ओढा बाहेर," तो म्हणाला.

मी एक लाकडी पेटी ओढली. आत गवतात गुंडाळलेल्या सहा बाटल्या. प्रत्येकीवर वेगळ्या रंगाची चिठ्ठी: एकीवर हरिण, एकीवर मासा, एकीवर दाढीवाला म्हातारा. साहेबाच्या मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या भावाचा, त्यांच्या गावी बिअरचा लहानसा कारखाना होता. आगबोटीतून, रेल्वेतून, माळव्याच्या उन्हातून जाऊन आपली बिअर बिअर राहते की तिचं आणखी काही होतं, हे मेहुण्याला जाणून घ्यायचं होतं. साहेबाने एकेक चाखून दहापैकी गुण द्यायचे आणि चव लिहून पाठवायची असं ठरलेलं. आता चाखणार कोण? गावातली त्याच्या देशाची बाकी सगळी माणसं मिशनची. ती बिअरच्या वासालाही उभी राहणारी नव्हेत.

"तुम्ही घेता ना?" साहेबाने विचारलं.

मी क्षणभर विचार केला. "नाही" म्हटलं तर मी बिनकामाचा. बिनकामाचा म्हणजे ग्वाल्हेर. ग्वाल्हेर म्हणजे लग्न मोडलं.

"घरची परंपराच आहे, साहेब," मी म्हणालो. "आमचे पूर्वज फौजेत होते."

पूर्वज फौजेत होते हे खरंच होतं. घोड्यांच्या चंदीचा हिशेब ठेवायला.

साहेबाने माझा हात दाबला. "खरं खरं सांगायचं. मला खूश करायला नाही. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. काय समजलं ते मला अजून समजलेलं नाही.

घरी बाटली उघडणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे कांदासुद्धा चातुर्मास पाहून येई. म्हणून मी शेजारच्या टेबलावरच्या मित्राला विश्वासात घेतलं. हा पक्का इंदुरी. मराठी घरचा, पण रागावला की हिंदीत रागावणारा, आणि साऱ्या जगाला भिया म्हणणारा.

"भिया, तू कधी दारू प्यायलायस?" मी विचारलं.

"भांग घेतली होती एकदा होळीला. दोन दिवस सख्ख्या आईला काकी म्हणत होतो."

"मग तू अनुभवी."

"बिल्कुल," तो म्हणाला. "चल, बेटम्याला जाऊ. मामाची पेरूची बाग आहे, विहीर आहे, रविवारी कोणी नसतं. आरामसे चाखू."

रविवारी सकाळी आम्ही धारच्या मोटारीने निघालो. कंडक्टरने पेटी टपावर टाकली. 'ठेवली' असं मी म्हणणार नाही. बेटम्यापर्यंतचा तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही ते सुखी आहेत. वर उन्हात बाटल्या एकमेकींना आपटताना ऐकू येत होत्या आणि आम्ही खाली डोळे मिटून बसलो होतो.

"साहेबाने थंड ठेवायला सांगितल्यात," बागेत पोचल्यावर मी म्हणालो.

"मग विहीर कशाला आहे?" मित्र म्हणाला. त्याने टोपलीत बाटल्या भरल्या, दोराने टोपली विहिरीत सोडली, आणि आम्ही पेरूच्या सावलीत आडवे झालो. इतकं शहाणपणाचं काम आमच्या हातून क्वचितच होतं, त्यामुळे छान झोप लागली.

दुपारी टोपली वर ओढली. बाटल्या छान गार झाल्या होत्या. छान स्वच्छही झाल्या होत्या. मी विहिरीत वाकून पाहिलं. काळ्याशार पाण्यावर हरिण, मासा आणि दाढीवाला म्हातारा आपापल्या चिठ्ठीवर स्वार होऊन शांतपणे तरंगत होते.

"आता?" मी म्हणालो.

"आता काय? आतला माल तर सही-सलामत आहे."

"अरे, पण कोणती कोणती?"

मित्राने एकेक बाटली उन्हाला धरली. "ही जरा काळी दिसते. दाढीवाला म्हातारा हीच असणार. म्हाताऱ्याला काळीच आवडेल." अशा रीतीने, गंभीर चेहऱ्याने, आम्ही सहाही बाटल्यांची बारशी केली. कॅनडातल्या त्या सद्गृहस्थाने पुढे आमच्या शब्दावर कोणती बिअर बंद केली आणि कोणती वाढवली, हा विचार मनात आला की मला आजही अस्वस्थ वाटतं.

बूच काढायची किल्ली आणायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मित्राने बागेतल्या खोपीच्या दाराच्या कोयंड्यात पहिलं बूच अडकवलं आणि हिसका दिला. मग जे झालं ते सांगायला वेळ लागतो, व्हायला लागला नाही. मोटारीच्या टपावर घुसळून निघालेली ती बिअर अर्धी मित्राच्या तोंडावर आणि पाव भाग छपरावर गेली. उरलेली पाव आम्ही पितळेच्या फुलपात्रात धरली. वर हा फेस.

"उकळली," मित्र म्हणाला. "थांब, खाली बसू दे."

आम्ही फेस चांगला बसेपर्यंत थांबलो. दूध उतू जाऊ नये म्हणून आई फुंकर मारते तशी मी फुंकरही मारली. मग प्रश्न आला प्यायचं कसं. फुलपात्र एक, तोंडं दोन. मी ब्राह्मण, तो मराठा, दोघांच्याही घरी उष्टं चालत नाही. तेव्हा लहानपणापासून पाणी पितो तसं भांडं वर धरून, ओठ न लावता, धार घशात सोडायची, हे आम्हाला साहजिक वाटलं. मी डोकं मागे टाकलं आणि धार सोडली.

बिअर अशी प्यायची नसते. ती नाकातून बाहेर आली.

डोळ्यांतून पाणी, नाकातून फेस, आणि कानात कसलीशी शिट्टी. मित्र माझ्या पाठीवर बुक्के मारत विचारत होता, "चव कशी आहे? भिया, चव बोल, चव!"

"काडेचिराईत," मी म्हणालो. "काडेचिराईत सोड्यात घालून."

त्याने चाखली. त्याच्याही नाकातून आली. "अरे बाप रे. ही तर खराब झाली."

इथून आमचा खरा गोंधळ सुरू झाला. खराब झाली हे ठरवायचं कशावरून? चांगली कशी लागते हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. कडू लागली म्हणून गुण कमी द्यावेत, तर कदाचित कडू असणं हाच तिचा गुण असेल. कारलं कडू लागलं म्हणून कुणी शिव्या देतं का? मग जास्त कडू ती जास्त चांगली का? पण मग दुसरी बाटली पहिलीपेक्षाही कडू निघाली आणि वर आंबटही. आंबट हा अधिक गुण की उणा?

"ताक आंबट झालं की फेकतो का आपण?" मी विचारलं.

"कढी करतो."

"हिची कढी करता येईल?"

त्यावर त्याने खरोखर विचार केला. मग खिशातून पुडी काढली. पोह्यांवर भुरभुरतात तो जीरावन मसाला. खरा इंदूरकर घरून निघताना रुमाल विसरेल, जीरावन नाही. त्याने तिसऱ्या बाटलीच्या भांड्यात चिमूटभर टाकला. भांड्यातून पुन्हा फेस वर आला. चाखून तो म्हणाला, "आता दम आला हिच्यात. सात दे."

"सात मसाल्याचे का बिअरचे?"

"पाच मसाल्याचे. दोन बिअरचे."

"मग दोनच द्यायला हवेत."

"तू अन्याय करतोयस," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. बिअर चढायला लागली होती. चौथी मला भिजवलेल्या हरभऱ्याच्या पाण्यासारखी लागली, त्याला लोखंडी पंपाच्या पाण्यासारखी. आम्ही त्यावर बराच वेळ भांडलो. पाचवी दोघांनाही गोड लागली, पण तोवर मला विहिरीचा कठडाही गोड वाटायला लागला होता, त्यामुळे त्या निर्णयावर माझा स्वतःचा विश्वास नाही. सगळ्यांना दोन, तीन, चार असे गुण पडले. सहावी उघडायची ताकद उरली नाही. ती मी पिशवीत टाकली.

संध्याकाळी परतीची मोटार धारहून खचाखच भरून आली. मित्र मागे दाराशी लोंबकळला. मला एक रिकामी जागा दिसली, मी जाऊन बसलो, आणि मग शेजारी पाहिलं.

शेजारी काकाजी बसले होते. धारला नातलगाकडे मुंजीला गेले होते. साफा, अंगरखा, मांडीवर मुंजीच्या लाडवांचं पुडकं.

"तुम्ही इकडे कसे?" ते म्हणाले.

मी तोंड न उघडता नमस्कार केला. नाकाने श्वास सोडायचा की तोंडाने, कुठून कमी वास येईल, हे ठरेना. म्हणून मी श्वासच सोडला नाही. पण माणूस किती वेळ श्वास धरणार? पुढच्या खड्ड्यात तो आपोआप सुटला. काकाजींची मिशी हलली.

"पिशवीत काय आहे?"

"औषध."

"कुणाचं?"

"साहेबाचं."

त्यांनी माझ्या पिशवीत हात घातला, बाटली काढली, खिडकीतून येणाऱ्या उन्हात धरली, उलटी केली, सुलटी केली. आसपासचे लोक बोलायचे थांबले.

"बिअर," काकाजी म्हणाले. आवाज अगदी शांत. "विलायती. चिठ्ठी कुठे गेली?"

"विहिरीत."

मग मी सगळं सांगून टाकलं. साहेब, कावीळ, मेहुणा, गुण, बदली. बदलीपाशी माझा आवाज रडवेला झाला. मोटारीतले दोन-तीन जण "च् च्" म्हणाले. जकात नाक्यावर गाडी थांबली तेव्हा काकाजींनी बाटली लाडवांच्या पुडक्याशेजारी आपल्या मांडीवर ठेवली.

"ही माझ्याकडे राहू द्या. उद्या साहेबाकडे किती वाजता जाता?"

"नऊ वाजता."

"मीही येतो."

रात्रभर मी एकच विचार केला. हे साहेबाला जाऊन सांगणार की असल्या बेवड्याला मी मुलगी देत नाही, आणि साहेब म्हणणार की असल्या ढोंग्याला मी कामावर ठेवत नाही. दोन्ही दारं एकदम बंद.

सकाळी काकाजी ठरल्या वेळी बंगल्यावर हजर. दरबारी पोशाख, हातात रेशमी रुमालात गुंडाळलेली बाटली. साहेब व्हरांड्यात आरामखुर्चीत पिवळाधमक बसला होता. माळ अजून गळ्यात होती. काकाजींनी मुजरा केला तसा साहेब उठून उभाच राहिला. मी ओळख करून दिली: हे माझे होणारे सासरे.

"गुड मॉर्निंग, सर," काकाजी म्हणाले.

त्यांचं इंग्रजी तेवढंच असा माझा समज होता. 'गुड मॉर्निंग, सर', 'रेडी, सर' आणि 'व्हेरी गुड, सर'. साऱ्या नोकरीत या तीन वाक्यांवर त्यांनी कित्येक लाटसाहेब सांभाळले असं ते स्वतःच सांगत.

"हं, सांगा," साहेब मला म्हणाला. "पहिली?"

"तीन," मी म्हणालो. "दहापैकी. काढ्यासारखी."

साहेबाने भुवया उंचावल्या. "दुसरी?"

"दोन. आंबट."

काकाजी खुर्चीत ताठ झाले. "काय सांगताय तुम्ही त्यांना? दोन?" ते मराठीत माझ्यावर कडाडले. "पाहुण्याच्या नजराण्याला दोन गुण? आमच्या दरबारात पाहुण्याने नासकं अंडं आणलं असतं तरी वाहवा करून घेतलं असतं! तुमच्या घरी काही रीत शिकवली की नाही?"

"काय म्हणतायत?" साहेबाने विचारलं.

"म्हणतायत की मी जरा कडक तपासतो," मी म्हणालो.

"असंच हवं. तिसरी?"

आता सांगा मी काय करायचं? साहेबाला गोड बोललो तर खोटारडा ठरून ग्वाल्हेरला जाणार. खरं बोललो तर सासरे इथेच लग्न मोडणार. मी साहेबाकडे पाहून "दोन" म्हणालो, काकाजींकडे पाहून "उत्तम, उत्तम" म्हणालो, आणि दोघेही माझ्याकडे संशयाने पाहायला लागले. चौथीपर्यंत माझा असा घोळ झाला की साहेबाला "उत्तम" आणि काकाजींना "थ्री, सर" सांगून बसलो.

शेवटी काकाजी उठले. त्यांनी रुमाल सोडला आणि दोन्ही हातांनी बाटली साहेबापुढे धरली. "सहावी," ते म्हणाले. "हिचे गुण मी देतो. दहापैकी दहा. सांगा त्यांना."

मी सांगितलं. साहेबाचे डोळे चमकले. त्याने बंगल्याच्या दाराकडे पाहिलं, डॉक्टर वगैरे कुणी येत नाही ना याची खात्री केली, आणि मी अडवायच्या आत वरचं बूच काढून बाटली तोंडाला लावली.

मी त्याचा चेहरा पाहत होतो. आधी सुख. मग शंका. मग असा काही बावळटपणा, जो मी आजवर फक्त आरशात पाहिला होता.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

मी बाटली घेऊन वास घेतला. वाळ्याचं सरबत.

"काकाजी, हे..."

"मग?" काकाजी म्हणाले. "कुणाचं भांडं रिकामं परत करतात का? काल रात्रीच आमच्या हिने सरबत केलं, नरसाळं लावून भरलं. काविळीला थंड असतं."

मी साहेबाला समजावून सांगितलं. आमच्यात शेजारचं भांडं परत करताना त्यात काहीतरी घालून देतात, निदान साखर तरी. रिकामं भांडं देणं अशुभ. साहेबाने ऐकलं, बाटलीकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं, आणि असा हसायला लागला की खानसामा धावत आला.

"आणि आतली बिअर?" हसू आवरत त्याने विचारलं. "ती कुणी प्यायली?"

मी भाषांतर करण्याआधीच काकाजी म्हणाले, "व्हेरी गुड, सर."

साहेबाने उरलेलं सरबत शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. मग मला म्हणाला की त्याच्या मेहुण्याची बिअर त्याला स्वतःलाही कधी आवडली नाही, पण बायकोपुढे ते बोलायची त्याची हिंमत नव्हती. आता परक्या देशातल्या निःपक्षपाती माणसाचा पुरावा मिळाला. "तुमच्यासारखा खरं बोलणारा माणूस मला सोडायचा नाही," तो म्हणाला. माझं काळीज सुपाएवढं झालं. मग तो काकाजींकडे वळला आणि अदबीने, एकेक शब्द सावकाश उच्चारत इंग्रजीत म्हणाला, "इथलं काम संपत आलं आहे. दुसरं यंत्र ग्वाल्हेरला बसणार आहे. मी याला तिकडे घेऊन जाऊ इच्छितो. आपली परवानगी असेल तर."

मी भाषांतरासाठी तोंड उघडलं. तेवढ्यात काकाजींनी छातीवर हात ठेवला, मान लववली, आणि म्हणाले, "व्हेरी गुड, सर. रेडी, सर."

साहेबाने त्यांचा हात हातात घेऊन हलवला.

फाटकाबाहेर आल्यावर काकाजींनी विचारलं, "शेवटी काय म्हणाले साहेब?"

मी सांगितलं. ते रस्त्यात थांबले. मागून येणाऱ्या टांगेवाल्याने "बाबूजी, एक तरफ!" म्हणून ओरडून घेतलं तरी हलले नाहीत.

"आणि मी काय म्हणालो?"

"व्हेरी गुड, सर. रेडी, सर."

"हं." त्यांनी साफा नीट केला. "पाहुण्याला दिलेला शब्द परत घेता येत नाही. आमच्या खात्यात तरी नाही." मग पुढे चालायला लागले. थोड्या वेळाने मागे न पाहता म्हणाले, "पण पहिलं बाळंतपण इंदूरला. आमच्या घरात कुणी ग्वाल्हेरला जन्मलेला नको."

लग्न झालं, आणि आम्ही ग्वाल्हेरला निघालो. गाडीत जागा मिळाली, ट्रंका बाकाखाली गेल्या, आणि बायकोशी पहिल्यांदा मोकळेपणी बोलायची संधी आली. मी ही सगळी हकिगत तिला रंगवून सांगितली. तुझ्या बाबांची इंग्रजीत कशी फसगत झाली आणि सवयीने ते मुलगी ग्वाल्हेरला कसे देऊन बसले, यावर तर मी स्वतःच खूप हसलो.

ती हसली नाही. "बाबांची? ते रोज इंग्रजी पेपर वाचतात की. सगळ्या आळीला अर्थ सांगतात."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. म्हणजे त्यांना सगळं कळत होतं? मी साहेबाला काय सांगत होतो तेही? मी त्यांच्या बोलण्याचा काय अर्थ सांगत होतो तेही?

"मग त्यांनी मुद्दाम हो म्हटलं?"

"मला काय माहीत," ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "पण मोटारीत तुम्ही बदलीचं सांगितलंत ना, त्या रात्री सरबत करताना मी आईला म्हणाले होते, मला ग्वाल्हेर चालेल. बाबा तिथेच बाटली पुसत बसले होते."

"आणि बिअर कोणी प्यायली?"

"उज्जैन आलं वाटतं," ती म्हणाली. "सुरई भरून आणता का?"

मी सुरई घेऊन उतरलो. नळाखाली ती धरून उभा राहिलो. कोणाला काय कळत होतं, कोणी कोणाला फसवलं, आणि यातल्या एका तरी गोष्टीचा निर्णय मी केला होता का, याचा विचार करत राहिलो. शिट्टी झाली तशी धावत सुटलो आणि समोर दिसलेल्या डब्यात चढलो. आत सगळ्या बायका होत्या. त्यातली एकही माझी नव्हती.